न भिजणारी फळी

१

ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते, आणि त्या श्रावणात राहीचा दिवसही तिच्या मागोमाग सरकत होता. आज आठला, उद्या पावणेनऊला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी चौतीस वर्षांची बाई पदर खोचून राजिवड्याच्या धक्क्यावर ओणवी होते आणि खाडीतून दोराने फळ्या ओढून काढते, हे पाहायला पहिल्या दिवशी चांगली गर्दी जमली होती. दुसऱ्या दिवशी ती निम्मी झाली. आठवड्याने कुत्रंही फिरकेना. राहीला तेच हवं होतं.

फळ्या चार. चारही ऐनाच्या लाकडाच्या, एकाच ओंडक्यातून कापलेल्या. पहिली नुसती. दुसरीला डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल, इथल्या होड्यांना पिढ्यानपिढ्या लावतात ते. तिसरी आणि चौथी राहीच्या हातच्या. त्याच तेलात तिने कॉलेजात केलेली पांढरी पूड घोटून लावलेली. पहिल्या दोन वर यायच्या त्या पाण्याने जड होऊन, ठिबकत. तिसरी-चौथी वर यायच्या त्या ठणठणीत कोरड्या. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तसं त्यांच्यावर ठरायचं नाही. पाण्याखाली असताना तर त्यांच्याभोवती हवेचा पातळ पदर राहायचा, चांदीचा वर्ख लावल्यागत चमकणारा. तो दिसला की राहीला चार वर्षांच्या खटपटीचं सार्थक वाटायचं आणि ती एकटीच हसायची.

शहाऐंशी सालच्या नारळी पुनवेला बारा दिवस उरले होते. त्या सकाळी तिसरी फळी अशीच कोरडी वर आली. फक्त मधोमध एक जागा ओली होती. तळवा आणि पाच बोटं. एखाद्याने पंजा दाबून धरावा तशी.

"माझाच हात," राही स्वतःशी म्हणाली. लेप लावताना कुठेतरी टेकला असणार, तिथली पूड निघाली, पाणी शिरलं. बाई शिस्तीची. पिशवीतून बटरपेपर काढला, पंजा त्यावर पेन्सिलीने उतरवून घेतला, तारीख घातली आणि कागद वहीत ठेवला. चूक झाली तर तिचीही नोंद ठेवायची, हा तिचा नियम होता. लेप बदलायला म्हणून फळी प्रयोगशाळेत घेऊन आली.

२

"बाई, हा तूस माझ्या म्हशीनं पन तोंडात घेतला नाय, नि तुमी त्याची भस्मं करताव," काशीराम म्हणायचा. काशीराम प्रयोगशाळेचा शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, त्यामुळे त्याच्या तोंडाला कुणी कुलूप लावू शकत नव्हतं.

भाताच्या तुसात वाळूचाच एक भाऊबंद दडलेला असतो. तूस जाळायचा, पांढरी राख कॉस्टिक सोड्यात उकळायची, गाळायची आणि मग त्यात थेंब थेंब आम्ल सोडायचं. भांड्यात साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी दाटून येतं. ते धुऊन वाळवलं की इतका बारीक कण मिळतो, की कॉलेजातल्या सगळ्यात चांगल्या सूक्ष्मदर्शकालाही तो दिसत नाही. पण खरं काम तिथून पुढे. हा कण मुळात पाण्याचा सोयरा. पाणी दिसलं की गळ्यात पडतो. डिंबेलाबरोबर तो तापवायचा, तेलाचा अंगरखा त्याच्यावर चढवायचा, की मग तोच कण पाण्याकडे पाठ फिरवतो.

"कण तोच, काशीराम. नुसतं अंग बदललं. एकाचं अंग रबराशी जुळवलं तर टायर टिकतो, दुसऱ्याचं रंगाशी जुळवलं तर रंग. ह्याचं मी लाकडाशी जुळवलंय."

"आनि पान्याशी मोडलंव. सोयरीक मोडली की राग येतोच बाई, मग ते मानूस असो का पानी."

राही हसली. तिने हातमोजे चढवून नवा लेप लावला, त्याच संध्याकाळी फळी खाडीत सोडली, आणि दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला पुन्हा पंजा आला. तिने आपला हात शेजारी धरून पाहिला. फळीवरचा पंजा तिच्या हातापेक्षा पेरभर मोठा होता.

शेवाळाचा थर, माशाच्या अंगाचा चिकटा, एखादं जेलीफिश. राहीने वहीत कारणं लिहिली आणि एकेक खोडली. मग उरला माणसाचा चहाटळपणा. तिने दोराच्या गाठीवर लाख वितळवून ओतली आणि आपला शिक्का उमटवला. दुसऱ्या दिवशी शिक्का जसाच्या तसा होता, आणि फळीवर ओला पंजाही होता. चार दिवसांत चार पंजे झाले. तिने निमूट चार कागद उतरवले. मजीद नाखव्याला मात्र काही सांगितलं नाही. उगाच त्याच्या मनात किडा कशाला सोडा?

कारण मजीदने प्रयोग संपायची वाट पाहिलीच नव्हती. 'मरियम' ही त्याची होडी, आईच्या नावाची. किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली पावसाळाभर उभी होती. कोरड्या फळ्या बघितल्या त्याच दिवशी त्याने राहीकडून दोन डबे लेप नेला आणि होडीचं पोट पुरं रंगवून काढलं. पुनवेला ती पाण्यात जायची होती, मजीद आणि सहा खलाशी घेऊन.

३

पाचव्या दिवशी ओहोटी अकराला होती. मजीद धक्क्यावर येऊन राहीशेजारी बसला, म्हणून तिने फळ्या वर काढल्या नाहीत. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, मोजकं बोलणारा माणूस. खाली फळ्यांना पाणी लागत होतं. चुबुक, चुबुक.

"बाई, येक विचारू? तुमाला ह्या होड्यांचं येवढं वेड कशापायी? तुमच्या घरी कोन खलाशी नाय."

राहीने खाडीपलीकडे भाट्याच्या बाजूला पाहिलं. हे तिने सहसा कुणाला सांगितलं नव्हतं. "माझे आप्पा वैद्य होते, मजीदभाई. पूल नव्हता तेव्हा पावसकडचे रोगी बघायला तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, पलीकडे जायचे. मी आठ वर्षांची असताना एकदा ती होडी उलटली. लाकूड पाणी पिऊन कुजलं होतं, आतून सगळं पोखरलेलं. आप्पा सापडले नाहीत. मला बरोबर नेलं की हाताला धरायचे नाहीत, मनगटाला धरायचे. नाडी बघतात तशी तीन बोटं टेकवून. म्हणायचे, तू घाबरलीस की मला आधी कळतं."

मजीदच्या घरात बुडालेल्या माणसाचं नाव पाण्याच्या काठी घ्यायचं नाही, असा रिवाज होता. धाकटा भाऊ समुद्रात जाऊन तीन वर्षं झाली, पण राहीने धक्क्यावर त्याच्या तोंडून फक्त "तो" एवढंच ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र समोरच्या माणसाने आपलं उघड केलं, मग आपण झाकून कसं ठेवायचं, असं त्याला वाटलं असावं.

"करीम," तो म्हणाला. "माझ्यापरीस नऊ वर्सांनी ल्हान. उजव्या हाताची करंगळी अर्धी. इंजिनाच्या पट्ट्यात गेलीती. त्या अर्ध्या करंगळीनं माझ्या पोरांना गुदगुल्या करायचा."

तो आणखीही बोलला. राही ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला तिला जरा वेळ लागला. खालचा आवाज थांबला होता. पाणी होतं, फळ्या होत्या, वारा होता, पण चुबुक येत नव्हतं. दाराआडून कुणी बोलणं ऐकू लागलं की बांगड्या वाजू देत नाही, तशी ती शांतता होती.

मजीद उठून गेला आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

४

सहाव्या दिवशी मजीद तिच्या आधी येऊन बसला होता. मन मोकळं केलं की माणसाला पुन्हा त्याच जागी यावंसं वाटतं. त्यानेच दोर ओढला. तिसरी फळी वर आली, उन्हात कोरडी चकचकीत, आणि तिच्यावर ओला पंजा.

करंगळी अर्धी होती.

मजीदने आपला राकट हात त्या ओल्या पंजावर ठेवला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"जित्ता नाय, मला ठावं हाय," तो अखेर म्हणाला. "पन धरून हाय तो, बाई. तीन वर्सं कायतरी धरायला शोधतोय. वल्या लाकडावर त्याचा हात दिसनार कसा? तुमच्या ह्या लेपानं दिसला. मी पुनवेला मरियम घेऊन सरळ जातो, जिथं त्याची होडी ग्येली तिथं. इंजिन बंद करून ऱ्हातो. त्यो धरील. आमी वर घेऊ."

"मजीदभाई, सहा पोरं आहेत तुमच्याबरोबर."

"त्येंचा बी तो नाखवाच व्हता," तो म्हणाला, आणि डोळे पुसत घराकडे चालू लागला. राहीने तो पंजाही कागदावर उतरवला आणि फळी पुन्हा पाण्यात सोडली.

५

घरी येऊन राहीने दार लावलं, वही उघडली आणि पाचही कागद टेबलावर ओळीने मांडले. भीती वाटत होतीच. पण भ्यायला लागलं की आकडे बघायचे, ही सवय तिने स्वतःला लावून घेतली होती.

पहिला दिवस, पाच बोटं. दुसरा दिवस, पाच बोटं. तिसरा आणि चौथा, तेच. करंगळी पुरी, टोकापर्यंत.

आज अर्धी.

तिने पुन्हा पाहिलं. माप तेच, तळवा तोच, अंगठ्याची ठेवणही तीच. मध्ये एकच गोष्ट घडली होती. काल धक्क्यावर बसून मजीदने करीमचं नाव घेतलं होतं, आणि त्याची करंगळी सांगितली होती.

राहीला हसूच आलं. असं कुठं असतं? योगायोग, लेपातला दोष, आपलीच नजर. तिने तिन्ही लिहिली. पण ती लिहिताना मनगटाला घाम फुटला होता, आणि अशा वेळी राही एकच गोष्ट करत असे. ती प्रयोग मांडत असे.

सातव्या दिवशी तिने मजीदच्या बायकोला, साबेराला, गाठलं. आधी तिच्या स्वयंपाकघरात, पाण्यापासून दूर, सगळं समजावलं. साबेराने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी यांना बोललेवती, धक्क्यावर नाव घेऊ नुको. आता काय करायचं, राहीबाई?"

"खोटं बोलायचं, भाबी."

दुपारी दोघी धक्क्यावर जाऊन बसल्या. खाली चुबुक, चुबुक. साबेराचे ओठ पांढरे पडले होते, पण घरच्या माणसासाठी कंबर कसलेली बाई ती, आवाज तिने कापू दिला नाही.

"आमच्या करीमला," ती मोठ्याने म्हणाली, "उजव्या हाताला अंगठाच नव्हता. जल्मापासनं."

पाण्याचा आवाज थांबला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. न धावता, एका चालीने त्या वर रस्त्यापर्यंत आल्या, आणि मग साबेराने राहीचा हात असा घट्ट धरला की बांगडी पिचली.

त्याच संध्याकाळी काशीरामने धक्क्याखालच्या पाण्याचे दोन डबे भरून नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत ओतले. लेप लावलेल्या छोट्या लाकडी पट्ट्यांची चाचणी त्यात चालायची. राहीच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चालू होतं.

६

आठव्या दिवशी तिने मजीदला जवळजवळ ओढतच धक्क्यावर नेलं आणि वाटेत बजावलं, "तिथे एक अक्षर बोलायचं नाही. काहीही दिसलं तरी."

दोर जड लागत होता. तिसरी आली, चौथीही आली. दोन्ही फळ्यांवर आता एक पंजा नव्हता. खालपासून वरच्या कडेपर्यंत पंज्यांवर पंजे होते. वर चढताना शिडी धरावी तसे. एकालाही अंगठा नव्हता.

मजीदने तोंड उघडलं. राहीने आपला तळवा त्याच्या ओठांवर दाबला आणि त्याला वर नेलं. घरात चुलीपाशी बसवून पाच कागद, साबेराचं खोटं, सगळं एका दमात सांगितलं.

मजीदने कागद एकेक करून पाहिले. "अंगठा व्हता त्याला," तो म्हणाला. "त्याच अंगठ्यानं तो माझ्या कपाळाचा घाम पुसायचा." मग त्याने मान वर केली. "मंग हा कोन हाय, बाई?"

"मला ठाऊक नाही. करीम नाही एवढंच ठाऊक आहे. आणि त्याला तुम्ही तिकडे यायला हवे आहात."

मजीद उठला. परसातून खरवडायला पत्र्याची दोन खोरणी आणि विळे घेऊन आला. "चला," एवढंच म्हणाला.

तीन दिवस तिघांनी मिळून मरियमचं पोट खरवडलं. चार वर्षांची आपली मेहनत राहीने आपल्याच हातांनी सोलून काढली. डोळ्यांत पाणी येत होतं, पण हात थांबला नाही. पांढरा भुगा उडायचा, कोपरापर्यंत चिकटायचा. खरवड त्यांनी डोंगरावर, कातळात, खाडीपासून दोन मैलांवर पुरली. चारही फळ्या तिच्याबरोबर. मग साबेराने होडीला साधं डिंबेल फासलं, आजवर सगळे फासत आले तसं.

पुनवेला भरतीला मरियम पाण्यात गेली. लाकडाने पाणी प्यायलं, होडी जराशी खाली बसली, आणि इतर होड्यांच्या रांगेत डुलत निघाली. राही काठावर नारळ घेऊन उभी होती. तिसऱ्या दिवशी मजीद परत आला तो बांगडे आणि सुरमई घेऊन, सहाही खलाशी धडधाकट. राहीने त्या रात्री कित्येक दिवसांनी पोटभर जेवण केलं.

७

एक काम उरलं होतं. प्रयोगशाळेतल्या टाकीत एक शेवटची पट्टी तळाला पडून होती.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, शेजारच्या वर्गात कुणीतरी फळा पुसत होतं. काशीराम बाहेर स्टुलावर पेंगत होता. राहीने बाही वर सारली. खरवडताना बसलेली पूड अजून तिच्या हातांवर होती. साबणाने, राखेने, चिंचेने, कशाने निघाली नव्हती. हात धुतले तरी भिजत नसत. काही दिवसांत कातडीबरोबर जाईल, असं तिने धरलं होतं.

तिने हात कोपरापर्यंत टाकीत घातला. पाण्यात तो चांदीचा झाला. बोटांभोवती, मनगटाभोवती तोच हवेचा चकचकीत पदर. मोहक दिसत होतं. पट्टी उचलावी म्हणून ती वाकली.

टाकीत सोडलेल्या हवेच्या नळीतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, त्या चांदीत एक काळा ठिपका उमटला. पाणी तिथे टेकलं होतं. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. एका ओळीत, हलक्या दाबाने.

राहीला सगळं ठाऊक होतं. मनगटाची ती गोष्ट कुणी ऐकली, कुठे ऐकली, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे ती वहीतलं पान काढून दाखवू शकली असती. टाकीत आप्पा नव्हते. आप्पांची बोटं गरम असायची, आणि ही थंड होती. मजीदला तिने ज्या निर्धाराने चुलीपाशी बसवलं, त्याच निर्धाराने आता स्वतःचा हात बाहेर ओढायचा होता. एका झटक्याचं काम होतं.

तीन बोटं किंचित दाबली गेली, आणि तिची नाडी जोरात उडू लागली. तू घाबरलीस की मला आधी कळतं.

सव्वीस वर्षांत त्या जागी कुणी तशी बोटं टेकवली नव्हती.

राहीने ठरवलं, दहापर्यंत मोजायचं आणि हात काढायचा. ती सातपर्यंत आली. मग तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.